डिस्को-फंकची नऊ गाणी: तालमीच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४ : यादी

नऊ गाणी पक्की झाली. 'सिसी स्ट्रट' (द मीटर्स, १९६९), 'थँक यू' (स्लाय अँड द फॅमिली स्टोन, १९६९), 'सेक्स मशीन' (जेम्स ब्राउन, १९७०), 'सुपरस्टिशन' (स्टीव्ही वंडर, १९७२), 'द लव्ह आय लॉस्ट' (हॅरॉल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्स, १९७३), 'आय फील लव्ह' (डॉना समर, १९७७), 'स्टेइंग अलाइव्ह' (बी जीज, १९७७), 'आय विल सर्व्हाइव्ह' (ग्लोरिया गेनर, १९७८) आणि 'गुड टाइम्स' (शीक, १९७९).

संच सात जणांचा: ड्रम, बेस, गिटार, कीबोर्ड, सॅक्सोफोन, गायिका, गायक. कार्यक्रम १५ डिसेंबरला, उघड्या मैदानावर. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावेच लागतात, म्हणून साडेआठला सुरुवात आणि पाऊण तास नव्हे, पूर्ण ७५ मिनिटं.

प्रत्येक तालीम आठ इनपुटच्या इंटरफेसवर (वाद्यांचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारं यंत्र), प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर मुद्रित होईल. कसोटी एकच: स्वर कुठे थांबतो. ही गाणी बसवताना स्वर कुठे सुरू होतो याकडे सगळे लक्ष देतात, तो बंद कधी करायचा हे मात्र हाताच्या सवयीवर सोडतात. ठेका राहतो तो दोन स्वरांच्या मधल्या मोकळ्या जागेत. ती जागा बोटांनी मुद्दाम करावी लागते.

नोंदींपुरती भाषा: चार मात्रांचा एक बार, एका मात्रेत चार पाव मात्रा. पट्टी पेटीच्या हिशेबाने: पांढरी एक म्हणजे सी, काळी दोन म्हणजे ई फ्लॅट, पांढरी तीन म्हणजे ई.

९ ऑक्टोबर : 'गुड टाइम्स', बेस

शीकचा बेसवादक बर्नार्ड एडवर्ड्स याची ही ओळ सगळ्यांना गुणगुणता येते, त्यामुळे ती सोपी वाटते. पहिल्या तीन मात्रांवर तीन ई, मग श्वास घेण्याएवढी जागा, मग पाव मात्रांमध्ये वर जाणारा तुकडा. दोन बार ई मायनर सेव्हन, दोन बार ए, अशा दोन कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह). सा पांढरी तीनला धरला तर स्वर काफी थाटाचे: ग आणि नी कोमल, बाकी शुद्ध.

अडचण पहिल्याच स्वराला आली. चार तारांच्या बेसवर सगळ्यात खालचा ई मोकळ्या तारेवर वाजतो आणि मोकळी तार आपण होऊन थांबत नाही. लय मिनिटाला १११ मात्रा ठेवली आहे. म्हणजे एक मात्रा ५४० मिलिसेकंद आणि पाव मात्रा १३५. पहिल्या मुद्रणात तीनही ई पुढच्या ईला चिकटलेले निघाले, लांबी ५२० च्या आसपास. किक ड्रमचा (पायाने वाजणारा मोठा ड्रम) ठोका त्या घुमाऱ्याखाली दडपला गेला आणि गाणं जड झालं. लय मात्र मेट्रोनोमवर बिनचूक होती.

उपाय: डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका तारांवर आडवी, हलकी टेकवायची आणि तिसरी पाव मात्रा संपताच तार बंद करायची. आधी ६० च्या लयीत, फक्त तीन ई आणि चौथी मात्रा पूर्ण गप्प, दहा मिनिटं. मग ८०, ९५, १११. बंद करताना बोट जोरात आदळलं तर 'टक्' असा वेगळा आवाज येतो. बोट तारेवर उतरलं पाहिजे, पडलं नाही पाहिजे. शेवटच्या मुद्रणात लांबी ३९० ते ४१० च्या दरम्यान स्थिरावली. किक लगेच मोकळी ऐकू आली, आवाजाची एकही कळ न फिरवता.

१३ ऑक्टोबर : 'गुड टाइम्स', गिटार

शीकचा गिटारवादक नाइल रॉजर्स याच्या पद्धतीत उजवा हात थांबतच नाही. एका बारमध्ये १६ फटके, खाली-वर, खाली-वर. कॉर्ड वाजणार की नुसता 'चक्' येणार हे डावा हात ठरवतो: बोटं दाबली की कॉर्ड, तारांना नुसती टेकवून ठेवली की चक्. बोटं तारांवरून पूर्ण उचलली तर मोकळ्या तारा बोलतात आणि सगळं बिघडतं. कॉर्ड वरच्या तीन-चार तारांवरच धरायच्या, खालच्या दोन तारा बेसच्या हद्दीतल्या.

पहिल्या दिवशीच्या चुका: उजवा हात मनगटाऐवजी कोपरातून हलत होता, तिसऱ्या मिनिटाला दंड भरून आला आणि लय सैल पडली. पिक (तार छेडायचा तुकडा) एक मिलिमीटर जाडीचं होतं, ते तारांत अडकत होतं. ०.६ चं घेतलं. तारा १० ते ४६ च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत).

आवाज: स्ट्रॅटोकास्टर, गळ्याकडचा पिकअप (तारेची कंपनं टिपणारा भाग), अँप्लिफायर न लावता डीआय बॉक्समधून (गिटार मिक्सरला जुळवणारी पेटी) सरळ मिक्सरमध्ये. १५० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं. कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं यंत्र) ४ ला १, अटॅक, म्हणजे दाबायला लागणारा वेळ, १५ मिलिसेकंद. अटॅक ५ वर असताना पिकची धारच गिळली जात होती आणि चक् ऐवजी नुसती फुसफुस उरत होती.

सिंगल कॉइल पिकअप ५० हर्ट्झची गुणगुण उचलतो. तालमीच्या खोलीत ट्यूबलाइटपासून अडीच मीटर लांब उभं राहिल्यावर ती निम्म्याने कमी झाली. कार्यक्रमात वीज जनरेटरची असेल, त्यामुळे अर्थिंग त्या दिवशी दुपारीच तपासायचं.

१६ ऑक्टोबर : हाय-हॅट

'द लव्ह आय लॉस्ट' हे फिलाडेल्फियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण. ड्रमवर अर्ल यंग. प्रत्येक मात्रेवर किक आणि दोन मात्रांच्या मधोमध उघडणारी हाय-हॅट (पायाने उघडमीट होणारी झांजांची जोडी): पुढच्या साऱ्या डिस्कोची चाल इथे तयार झालेली ऐकू येते.

उघडणं सोपं, मिटणं अवघड. उघडी हाय-हॅट अर्ध्या मात्रेवर काठीने वाजते आणि पुढच्या मात्रेवर डाव्या पायाने मिटते. ते मिटणं किकच्या ठोक्याबरोबर पडलं पाहिजे. मुद्रणात पाय सरासरी ३० मिलिसेकंद उशिरा येत होता. कारण पायात नव्हतं, दोन झांजांमधल्या अंतरात होतं: १५ मिलिमीटर. वरची झांज धरणारा क्लच खाली घेऊन ते ६ केलं. खालच्या झांजेचा कलता स्क्रू अर्धा फेरा पिळला, कारण दोन्ही झांजा अगदी सपाट मिटल्या की मधली हवा कोंडते आणि आवाज भसकतो. त्यानंतर उशीर ८ ते १० वर आला.

सत्तरच्या दशकातला कोरडा आवाज मिळवण्यासाठी स्नेअरच्या (काठीने वाजणारा करकरीत आवाजाचा ड्रम) कडेला सुती हातरुमाल चिकटपट्टीने लावला, किकचं पुढचं कातडं काढून आत घडी केलेली चादर ठेवली, ती मागच्या कातड्याला जेमतेम टेकेल इतकी. चादर घट्ट दाबून भरली तर किक पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी वाजते.

२० ऑक्टोबर : 'सेक्स मशीन' आणि सम

बेसवर बूट्सी कॉलिन्स, गिटारवर त्याचा भाऊ कॅटफिश, ड्रमवर जॅबो स्टार्क्स. पट्टी काळी दोन. बहुतेक गाणं एकाच नाइन्थ कॉर्डवर, मधला भाग काळी चारवर.

जेम्स ब्राउनचा सारा आग्रह पहिल्या मात्रेवर होता. तबला-पखवाज ऐकत वाढलेल्या कानाला हे वेगळं समजवावं लागत नाही: ती सम आहे. चारही मात्रांवर कोण काय करील याची मोकळीक, पण समेवर सगळे एकत्र. स्नेअर मात्र दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरच राहते. गोंधळ इथेच होतो. स्नेअरचा आवाज मोठा, म्हणून बेस आणि गिटारही नकळत दुसऱ्या मात्रेवर जोर देऊ लागतात आणि गाणं रॉकसारखं वाजायला लागतं.

सराव असा: १६ बार बेस आणि गिटारने फक्त समेचा एक स्वर वाजवायचा, बाकी सगळं गप्प. पुढचे १६ बार त्यात एकच पाव मात्रा वाढवायची. असं करत पूर्ण ओळीपर्यंत यायचं. ४० मिनिटं लागली आणि ती सार्थकी लागली. पूर्ण ओळ वाजतानाही सम आता वेगळी उठून दिसते.

मधल्या भागाकडे जाण्यासाठी बार मोजायचे नाहीत. गायक दोन बार आधी हात वर करील. मोजून गेलो तर गायकाला गाणं लांबवण्याची मुभा राहत नाही, आणि या गाण्याचा जीव त्या मुभेत आहे.

२३ ऑक्टोबर : 'सुपरस्टिशन'

पट्टी पुन्हा काळी दोन, लय १००. मुख्य ओळीचे स्वर सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजे धानी रागाचे. काळी दोनला सा धरला की हे पाचही स्वर पाच काळ्या पट्ट्यांवर येतात. हाताला आकार लगेच सापडतो, पण काळ्या पट्ट्या अरुंद, बोट घसरतं. बोटांची टोकं जरा सपाट ठेवून वाजवायचं.

मूळ वाद्य होनरचं क्लॅव्हिनेट. पट्टी दाबली की रबराचं टोक तारेला खाली दाबून धरतं, आणि सोडली की तारेभोवती विणलेली लोकर ती गप्प करते. म्हणजे स्वराचा शेवट वाद्यातच बसवलेला आहे. ध्वनिमुद्रणात क्लॅव्हिनेटचे अनेक थर आहेत. दोन हातांत ते मावत नाहीत, तेव्हा उजव्या हाताला मुख्य ओळ, डाव्याला मधल्या पाव मात्रांचे बारीक टोले.

कीबोर्डवर तीन बदल केले. सस्टेन पेडल (स्वर लांबवणारं) नुसतं वापरायचं नाही असं नाही, त्याची वायरच काढून ठेवली. सवयीने पाय जातो. रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, शून्य. पियानोसारख्या जड पट्ट्यांऐवजी हलक्या पट्ट्यांचा कीबोर्ड घेतला, कारण जड पट्टी परत वर यायला वेळ घेते आणि लागोपाठ दोन टोले एकात मिसळतात.

बेस: खालचा ई फ्लॅट चार तारांवर नाही. ए तारेच्या सहाव्या पडद्यावरून वाजवायचा. ई तार खाली उतरवून पाहिली, तार सैल पडून खडखडली, सोडून दिलं.

१० नोव्हेंबर : 'आय फील लव्ह'

दिवाळीनंतरची पहिली तालीम. म्यूनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत जॉर्जियो मोरोडर आणि पीट बेलॉट या निर्मात्यांनी हे गाणं मूग मॉड्युलर सिंथेसायझरवर उभं केलं. वाद्य तापलं की सूर सरकायचा, म्हणून छोटे छोटे तुकडे मुद्रित करून मध्ये पुन्हा सूर लावावा लागे. किक मात्र कीथ फोर्सीने प्रत्यक्ष वाजवली आहे.

बेसची मालिका सा, पंचम, कोमल निषाद यांभोवती फिरते. खरी करामत प्रतिध्वनीची: मूळ स्वर डाव्या बाजूला, त्याची पुनरावृत्ती उजव्या बाजूला. आमची मांडणी: लॅपटॉपवर अर्ध्या मात्रेची मालिका डावीकडे, तिचा पाव मात्रा उशिरा येणारा प्रतिध्वनी उजवीकडे, दोन्हींचा आवाज समान, प्रतिध्वनीची पुनरावृत्ती एकदाच. लय १२७, म्हणून पाव मात्रा ११८ मिलिसेकंद. सुरुवातीला यंत्रावर १२५ राहिलं होतं, १२० च्या लयीचा आकडा. दर वेळी ७ मिलिसेकंदांचा फरक. कानाला चूक सापडत नव्हती, फक्त धावण्याऐवजी लंगडणं जाणवत होतं. आकडा ११८ केला आणि गाडी रुळावर आली.

मैदानावरचा धोका मोठा आहे. डावीकडच्या स्पीकरजवळ उभ्या श्रोत्याला नुसत्या अर्ध्या मात्रा, उजवीकडच्याला नुसते मधले स्वर. ठरवलं की प्रेक्षकांकडचा आवाज मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरवर एकसारखा, जाईल. पूर्ण डावे-उजवे फेकण्याचं सुख फक्त मुद्रणात.

ड्रमरला हेडफोनमध्ये क्लिक, म्हणजे मेट्रोनोमची टिकटिक, हवाच. लॅपटॉपचा बफर (आवाज बाहेर पडण्याआधी साठवला जाणारा तुकडा, तेवढा उशीर) १२८ सॅम्पल, ४४.१ किलोहर्ट्झला सुमारे ३ मिलिसेकंद. ५१२ वर १२ च्या घरात जातो, पण मालिका आणि क्लिक दोन्ही एकाच लॅपटॉपमधून निघत असल्याने त्याने बिघडत नाही. कीबोर्डवर प्रत्यक्ष वाजणाऱ्या कॉर्डसाठी मात्र १२८ च.

१४ नोव्हेंबर : 'स्टेइंग अलाइव्ह'

फ्रान्समधल्या शॅतो देरूव्हिल या स्टुडिओतलं काम. ड्रमर डेनिस ब्रायन घरच्या दुःखद प्रसंगामुळे नव्हता, तेव्हा आधी मुद्रित झालेल्या 'नाइट फिव्हर'मधले ड्रमचे दोन बार घेऊन टेपची गोल फीत बनवली आणि पूर्ण गाणं तिच्यावर चढवलं. १०३ च्या लयीत दोन बार म्हणजे सुमारे ४.७ सेकंद, सेकंदाला १५ इंच धावणाऱ्या टेपवर ७० इंचांची फीत. एवढी फीत यंत्राबाहेर ताणून फिरवत ठेवावी लागते, हे डोळ्यांपुढे आणलं की त्या कामाबद्दलचा आदर वाढतो.

ड्रमरसाठी याचा अर्थ: एकही फिल (मधली जागा भरणारा तुकडा) नाही. सवयीने दर आठव्या बारला हात टॉमकडे (फिलसाठीचे ड्रम) जातो. टॉम आणि क्रॅश झांज दोन्ही उचलून खोलीबाहेर ठेवले. दोन बार मुद्रित करून पुढच्या प्रत्येक दोन बारांशी ताडून पाहिले. स्नेअरचा जोर चौथ्या मिनिटाला वाढत जातो, तिथे काठी पकडण्याची जागा दीड सेंटिमीटर पुढे घेतली.

वरच्या आवाजातलं गाणं गायक सलग दोनदाच गाऊ शकतो. तालमीत एकदाच गायचं, बाकी वेळा खालच्या सप्तकात.

१७ नोव्हेंबर : 'आय विल सर्व्हाइव्ह'

ए मायनर, डी मायनर, जी, सी मेजर सेव्हन, एफ मेजर सेव्हन, बी हाफ डिमिनिश्ड, ई सस्पेंडेड, ई. आठ बार, आठ कॉर्ड, आणि शेवटपर्यंत हेच चक्र. शेवटची ई सोडली तर प्रत्येक कॉर्ड आधीच्या कॉर्डच्या मध्यमावर जाते. फक्त एफवरून बीला जाताना तो मध्यम तीव्र होतो. तिथे बेसचं बोट हटकून चुकतं.

गायिकेने पट्टी दोन अर्धस्वर खाली, पांढरी पाचला मागितली. वाजवून पाहिलं. शेवटची कॉर्ड डी होते, खालचा डी बेसवर मिळत नाही, वरचा घ्यावा लागतो आणि चक्र मिटताना तळ हरवतो. मूळ पट्टीत तिथे मोकळी ई तार आहे. शेवटी मूळ पट्टी कायम ठेवली आणि वरच्या ओळी गायकाने तिच्याबरोबर धरायच्या असं ठरलं.

सुरुवातीचा मोकळा भाग क्लिकशिवाय. गायिकेचा श्वास पाहून कीबोर्ड चालेल, ड्रमर चार मात्रा हाय-हॅटवर देईल, मग ११७.

'सिसी स्ट्रट' याच दिवशी दोन वेळा वाजवलं. पाव मात्रा सरळ नाहीत आणि तिपटीच्याही नाहीत, दोहोंच्या मध्ये कुठेतरी. हे मोजून येत नाही. मूळ ध्वनिमुद्रणाबरोबर रोज दहा मिनिटं वाजवणं हाच सराव.

२४ नोव्हेंबर : एकच बेस, दोन स्वभाव

'थँक यू'मध्ये बेसवादक लॅरी ग्रॅहम अंगठ्याने तार ठोकतो आणि तर्जनीने ओढतो. आईच्या बरोबर ड्रमरशिवाय वाजवताना त्याला ही रीत सापडली: अंगठा म्हणजे किक, ओढलेली तार म्हणजे स्नेअर. त्यासाठी चकचकीत आवाजाची तार हवी. 'गुड टाइम्स'ला आणि 'आय विल सर्व्हाइव्ह'ला मात्र ती फार टोचते.

तोडगा: गोल गुंडाळीच्या (राउंडवाउंड) तारा, चार महिने वापरलेल्या, आणि ब्रिजजवळ (घोडीजवळ) तारांखाली स्पंजची पट्टी, उंची १२ मिलिमीटर. आधी १८ ची घातली होती. तारा वर ढकलल्या जाऊन स्वर चढला. 'थँक यू'पूर्वी पट्टी काढायची, नंतर परत घालायची, वीस सेकंदांचं काम. त्यामुळे 'थँक यू' अगदी पहिलं ठेवलं.

क्रम: 'थँक यू', 'सिसी स्ट्रट', 'सेक्स मशीन', 'सुपरस्टिशन', 'द लव्ह आय लॉस्ट', 'आय विल सर्व्हाइव्ह', 'स्टेइंग अलाइव्ह', 'आय फील लव्ह', 'गुड टाइम्स'. काळी दोनची दोन्ही गाणी लागोपाठ, मध्ये थांबायचं नाही.

८ डिसेंबर : मैदानावर चाचणी

रंगमंच १० मीटर रुंद. बेसचा अँप्लिफायर ड्रमपासून ६ मीटरवर लावला होता. आवाजाला तेवढं अंतर कापायला १७ मिलिसेकंद लागतात, म्हणजे 'गुड टाइम्स'च्या पाव मात्रेचा आठवा हिस्सा. ड्रमर मागे खेचला जात होता आणि दोष बेसवर येत होता. अँप्लिफायर हाय-हॅटच्या शेजारी, किकपासून दीड मीटरवर आणला. प्रश्न संपला.

रुमाल आणि चादरीमुळे ड्रम मैदानात पोचत नाहीत. किकच्या आत एक माइक, स्नेअरवर एक, हाय-हॅटवर एक. किकला ६० हर्ट्झजवळ ३ डेसिबल वर, बेसला तिथेच ३ खाली, बेसला १०० जवळ थोडं वर. दोघांना एकच जागा दिली की दोघेही ऐकू येत नाहीत.

११ डिसेंबर : 'गुड टाइम्स', शेवटची फेरी

अल्बममधली आवृत्ती आठ मिनिटांहून लांब आहे. मध्ये सगळी वाद्यं गळतात, बेस आणि ड्रम उरतात, मग एकेक परत येतं. त्याच वर्षी शुगरहिल गँगने याच बेसवर रॅप रचलं, यात नवल नाही: त्या भागात दुसऱ्याला शिरायला जागा आहे.

आपला क्रम: १६ बार बेस-ड्रम आणि टाळ्या, मग कीबोर्ड, त्यानंतर ८ बारांनी गिटार, शेवटी सॅक्सोफोन. सॅक्सोफोनला लवकर यायचा मोह होतो. बेस-ड्रमचे १६ बार भरून काढायचे नाहीत, तसेच ठेवायचे.

मुद्रण मोजलं. पहिली पाच मिनिटं तीनही ईंची लांबी ४०० च्या आसपास. सहाव्या मिनिटापासून तिसरा ई लांबत जातो: ४३०, ४५०, एकदा ४८०. करंगळी थकते. १५ तारखेपर्यंत ताकद वाढणार नाही, म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत तार बंद करण्याचं काम करंगळीकडून उजव्या तळहाताच्या कडेकडे दिलं. पहिल्या प्रयत्नात ४१५. उद्या याच एका जागेची तालीम, फक्त बेस आणि ड्रम, ४५ मिनिटं.